खाणपट्टा रीतसर आहे, पण अटी पाळल्या जात नाहीत: तक्रार कुठे आणि कशी करायची?

शिवेवरचा

गावच्या शिवेवर काळ्या पाषाणाची खदान आहे आणि तिला लागून खडीक्रशर. कागद सगळे आहेत: खाणपट्टा, पर्यावरण मंजुरी, प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती. त्यामुळे ‘अवैध उत्खनन’ म्हणता येत नाही. पण खदानीचा कडा सरळ उभा तासलाय, पंधरा-अठरा मीटर तरी असेल, मध्ये एकही पायरी नाही. रस्त्याच्या बाजूचं कुंपण मोडलंय. आठवड्यातून दोन-तीनदा सुरुंग उडतात, वेळ ठरलेली नाही, भोंगा कधी वाजतो कधी नाही. सव्वाशे मीटरवर वस्ती आहे, तिथल्या भिंतींना तडे गेलेत. क्रशरवरचे फवारे फक्त तपासणीच्या दिवशी चालतात.

ग्रामपंचायतीने तहसीलदारांकडे तीन अर्ज दिले. पंचनामा झाला. त्यात लिहिलंय: ‘उत्खनन मंजूर हद्दीत असून स्वामित्वधन भरलेले आहे.’ विषय संपला. आता पुढे काय करावं? जाणकारांनी नेमकं सांगावं. खदान कायमची बंद करा असं आमचं म्हणणं नाही, गावातली वीस-बावीस माणसं तिथे कामाला आहेत. काम नियमाने व्हावं, एवढंच.

गौणखनिज_वाचक

पंचनाम्यात चूक नाही, अर्जात आहे. महसूल खातं दोनच गोष्टी बघतं: दगड हद्दीतून निघाला का आणि त्याचे पैसे भरले का. उभा कडा, सुरुंग, धूळ हे त्यांच्या पंचनाम्याच्या नमुन्यातच नाही. तुमच्या चार तक्रारी चार वेगळ्या दारांच्या आहेत आणि तुम्ही त्या एकाच दारात ठेवल्यात.

कडा, पायऱ्या, कुंपण, सुरुंग, कामगारांची सुरक्षा: खाण सुरक्षा महासंचालनालय. हे केंद्राचं आहे. मुख्यालय धनबादला, पश्चिम विभागाचं कार्यालय नागपूरला. तुमचा जिल्हा कोणत्या प्रादेशिक कार्यालयाकडे येतो ते त्यांच्या संकेतस्थळावर बघून घ्या.

क्रशरची धूळ, आवाज, सांडपाणी: मंडळाचे उपप्रादेशिक अधिकारी.

पर्यावरण मंजुरीतल्या अटी: राज्य पर्यावरण आघात मूल्यांकन प्राधिकरण आणि केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाचं नागपूरचं एकात्मिक प्रादेशिक कार्यालय.

परिमाण, हद्द, वाहतूक पास: तहसीलदार आणि जिल्हा खनिकर्म अधिकारी.

पण अर्ज आजच लिहू नका. आधी कागद हातात घ्या. माहिती अधिकारात जिल्हा खनिकर्म कार्यालयाकडून मंजूर खाणकाम आराखडा त्याच्या छेद-नकाशांसकट, खाणपट्टा करारनामा आणि मागच्या दोन वर्षांची भरलेली परिमाणं मागवा. मंडळाकडून संमतिपत्र, मागचे तपासणी अहवाल आणि घेतलेल्या बँक हमीचा तपशील. मंत्रालयाच्या कार्यालयाकडून सहामाही अनुपालन अहवाल. तो दरवर्षी १ जून आणि १ डिसेंबरला द्यायचा असतो. मंजुरीचं पत्र ‘परिवेश’ संकेतस्थळावरही सापडतं. सुरक्षा महासंचालनालयाकडून खाण सुरू केल्याची सूचना, व्यवस्थापकाची नेमणूक, यंत्रं वापरण्याची परवानगी आणि मागच्या तपासणीत दाखवलेले दोष.

‘सर्व कागदपत्रे द्यावीत’ असं लिहिलंत तर ‘माहिती मोघम आहे’ असं उत्तर येणार. प्रत्येक कागदाचं नाव आणि कालावधी लिहा.

हे कागद आले की अर्ज आपोआप बदलतो. ‘फार धूळ होते’ या वाक्यावर कुठलाच अधिकारी नोटीस काढू शकत नाही. ‘मंजुरीतल्या विशिष्ट अट क्रमांक अमुकनुसार सीमेवर झाडांचे तीन पट्टे हवेत, अमुक तारखेला पाहिले तेव्हा उत्तर बाजूस एकही झाड नाही, जूनच्या अनुपालन अहवालात मात्र अट पूर्ण असल्याचे लिहिले आहे’ या वाक्यावर काढावीच लागते. अट क्रमांक, तारीख, मोजलेला आकडा. या तिन्हींपैकी एक जरी नसलं तरी फाईल अडते.

पायरीचा_दगड

सुरक्षेच्या बाजूचं लिहितो, कारण इथे माणूस जातो, आणि तरी या दाराकडे सगळ्यात कमी लोक वळतात.

पहिला गैरसमज: ‘मुरूम-दगडाच्या खदानीला खाण कायदा लागत नाही.’ बांधकामाचा दगड, मुरूम, माती यांना १९५२च्या कायद्यात सूट आहे, पण खुल्या खदानीला तीन अटींवर: खोली कुठेही ६ मीटरच्या वर नको, एका दिवशी ५० पेक्षा जास्त माणसं नकोत आणि स्फोटकं वापरायची नाहीत. यातली एक अट मोडली की सूट गेली. तुमच्याकडे सुरुंग उडतात आणि खोलीही जास्त आहे. म्हणजे व्यवस्थापक हवा, प्रमाणपत्रधारक ब्लास्टर हवा, कामगारांची वैद्यकीय तपासणी हवी, सगळंच हवं. अर्जाच्या पहिल्या परिच्छेदात हेच लिहा, म्हणजे ‘आमच्या अखत्यारीत नाही’ हे उत्तर येणार नाही.

कड्याबद्दल मेटॅलिफेरस माइन्स रेग्युलेशन्स १९६१ मधला १०६ क्रमांकाचा विनियम बघा. वरच्या मातीत-मुरमात उतार ४५ अंशांपेक्षा जास्त नको, किंवा मग दीड मीटरच्या पायऱ्या, आणि पायरीची रुंदी उंचीपेक्षा कमी नको. खालच्या कठीण खडकात बाजू ढासळणार नाही अशा पायऱ्या किंवा उतार ठेवायचा. त्याचा आकडा तुमच्या खदानीच्या आराखड्यात आणि यंत्रांच्या परवानगीपत्रात असतो. छोट्या खदानींत तो बहुधा ६ मीटर सापडेल. काठापासून ३ मीटरच्या आत सुटा दगड, झाड, ढिगारा ठेवता येत नाही. आणि खालून पोखरून वर कपार लोंबती ठेवणं सरळसरळ मनाई आहे.

आपल्या काळ्या पाषाणात एक खास धोका आहे. लाव्हाच्या दोन थरांमध्ये विटकरी-लाल मातकट पट्टा असतो, कधी वीतभर, कधी मीटरभर. कोरडा असताना तो दगडासारखा वाटतो. पावसाचं पाणी फटींतून त्याच्यावर उतरलं की तो साबणासारखा होतो आणि वरचा अख्खा थर पुढे सरकतो. तुमच्या कड्यात लाल पट्टा दिसतो का बघा, दिसत असेल तर लांबून फोटो काढून अर्जाला जोडा. वरच्या जमिनीवर काठाला समांतर भेग पडली असेल तर तो सगळ्यात वाईट इशारा. मग अर्जाची वाट न बघता त्याच दिवशी फोन आणि ईमेल दोन्ही करा. जिवाला तातडीचा धोका दिसला तर निरीक्षक खाण कायद्याच्या कलम २२ खाली तेवढ्या भागातलं काम लेखी आदेशाने थांबवू शकतात. पूर्ण खदान बंद होत नाही, धोक्याचा भाग दुरुस्त होईपर्यंत बंद राहतो. तुम्हाला नेमकं हेच हवंय.

पायऱ्या का नसतात तेही समजून घ्या. पायरी ठेवायची तर खाणपट्ट्याच्या कडेने बराच दगड न काढता सोडावा लागतो. वरून खाली टप्प्याटप्प्याने यावं लागतं, वरचा मुरूम आधी मागे सारावा लागतो, पोकलेनसाठी रस्ता आखावा लागतो. खालून ओढलं की लगेच दगड मिळतो. एकदा १५ मीटरचा उभा कडा झाला की मागे सरकायला पट्ट्याची हद्द उरलेली नसते, कारण सीमेलगतचा साडेसात मीटरचा सुरक्षा पट्टाही खाल्लेला असतो. म्हणून तक्रार कडा ६-७ मीटरचा असतानाच व्हायला हवी. तुमच्या ठिकाणी आता दुरुस्ती म्हणजे वरून मुरूम कापून उतार देणं आणि तळाशी दगडाचा बांध घालून कड्याखाली माणूस-यंत्र जाऊ न देणं. हे महाग आहे, पण होतं.

आणि कृपा करून स्वतः काठावर उभं राहून खोली मोजू नका. मोबाइलवरची उंची दहा-दहा मीटरने चुकते, तिचाही उपयोग नाही. समोरच्या बाजूने फोटो काढा. तळात उभ्या पोकलेनच्या केबिनचं छत जमिनीपासून साधारण ३ मीटरवर असतं, त्यावरून अंदाज येतो. अधिकृत आकडा ईटीएस (इलेक्ट्रॉनिक टोटल स्टेशन हे मोजणी यंत्र) किंवा ड्रोन मोजणीतूनच घ्यायचा.

शिवेवरचा

लाल पट्टा आहे. तळापासून तिसऱ्या हिश्श्यावर, पूर्वेच्या कड्यात. फोटो काढून ठेवतो.

तड्यांबद्दल विचारायचं होतं. पट्टाधारकाने कंपन चाचणीचा अहवाल दाखवला, सेकंदाला ३ मिलिमीटर आलंय. म्हणे मर्यादा १० ची आहे, तडे जुनेच आहेत. हे खरं मानायचं का?

पायरीचा_दगड

आकडा खरा असू शकतो, आणि तरी त्यातून काहीच सिद्ध होत नाही. सुरक्षा महासंचालनालयाचं १९९७चं सातवं तांत्रिक परिपत्रक बघा. दुसऱ्याच्या मालकीच्या साध्या घरांसाठी मर्यादा एकच नाही. कंपनाची वारंवारिता ८ हर्ट्झच्या खाली असेल तर सेकंदाला ५ मिलिमीटर, ८ ते २५ मध्ये १०, त्याच्या वर १५. अहवालात वारंवारिताच दिली नसेल तर ‘मर्यादा १०’ या म्हणण्याला आधार नाही.

दुसरं, कंपन ठरतं ते एका क्षणी किती स्फोटक फुटलं त्यावर, एकूण किती भरलं त्यावर नाही. चाचणीच्या दिवशी एकेक होल मिलिसेकंदांच्या अंतराने उडवलं तर आकडा छान येतो. एरवी दोन-तीन होल एकाच डिलेवर, म्हणजे एकाच क्षणी उडतील असे, जोडले की त्याच घरात दुप्पट येऊ शकतं. म्हणून अहवालात या गोष्टी आहेत का बघा: होलची संख्या आणि खोली, एका डिलेमागचं स्फोटक किलोत, यंत्र ठेवलेल्या जागेचं अंतर, यंत्र जमिनीला घट्ट बसवलं होतं की नुसतं ठेवलं होतं. नंतर रोजच्या ब्लास्टिंग नोंदवहीतला डिलेमागचा आकडा मागवा आणि शेजारी ठेवा. रोजचा आकडा चाचणीच्या दिवशीपेक्षा मोठा असेल, तर त्यांच्याच अहवालाने त्यांचं म्हणणं पडतं.

तडे जुने की वाढते, हे पाहायचा स्वस्त उपाय आहे. तड्यावर आडवी काचेची पातळ पट्टी ठेवून तिची दोन्ही टोकं प्लास्टर ऑफ पॅरिसने भिंतीला पक्की करायची आणि बाजूला तारीख लिहायची. तडा केसभर जरी सरकला तरी काच तडकते, ती वाकत नाही. पाच-सहा घरांत लावा, ग्रामसेवकांच्या सहीने नोंद करा. दोन-तीन घरं मुद्दाम ५००-६०० मीटर लांबची निवडा. लांबच्या काचा शाबूत आणि जवळच्या तडकलेल्या असतील तर ‘काळ्या मातीचा फुगवटा’ हे उत्तर टिकत नाही. काळ्या मातीवरच्या घरांना उन्हाळ्यात आपसूक तडे जातात हेही खरंच आहे, म्हणून तर लांबची घरं घ्यायची.

सव्वाशे मीटरची वस्ती ३०० मीटरच्या धोका-क्षेत्रात येते. म्हणजे प्रत्येक सुरुंगाआधी इशारा, वाटांवर माणसं उभी करणं आणि आतल्या लोकांना आडोशाला नेणं हे त्यांच्यावर बंधनकारक आहे. वस्तीत दगड येऊन पडत असतील तर बहुतेक वेळा कारण एकच: मोठे डबर फोडायला वरून ठेवलेला पट्टीचा सुरुंग. त्याला ना खोली, ना भरण. डबर रॉक ब्रेकरने फोडा, अशी अट मागून घ्या. मुख्य होलचं तोंड बंद करायला ड्रिलची बारीक पूड न वापरता ६ ते १० मिलिमीटरची कच वापरली तर भरण घट्ट धरतं. ११५ मिलिमीटरच्या होलला वरचं भरण अडीच-तीन मीटर हवं. पैसे वाचवायला ते दीड मीटरवर आणतात, आणि दगड तिथूनही उडतो.

कच_आणि_ग्रिट

क्रशरबद्दल थोडक्यात. पर्यावरण संरक्षण नियमांत दगड क्रशरसाठी पाच उपाय नावानिशी दिलेत: धूळ कोंडणारी आणि दाबणारी यंत्रणा, वारा अडवणाऱ्या भिंती, आवारातले पक्के रस्ते, जमिनीची नियमित सफाई-शिंपण, सीमेवर झाडं. कणांची मर्यादा घनमीटरला ६०० मायक्रोग्रॅम. नमुना कुठे घ्यायचा ते संमतिपत्रात बघा. मोजणी मंडळालाच करावी लागते. पाच उपाय आहेत की नाहीत हे मात्र कुणालाही डोळ्यांनी दिसतं. म्हणून तक्रार उपायांवर करा.

फवारे का बंद असतात? ओली बारीक पूड चाळणीच्या जाळीला लिंपते, कच पडत नाही, उत्पादन घटतं. बोअरच्या जड पाण्याने नोजलही चुन्याने बुजतात. म्हणून ‘फवारे लावा’ एवढ्याने काही बदलत नाही. मागायचं ते असं: हॉपर, जबड्याखालचं तोंड आणि माल एका वाहक पट्ट्यावरून दुसऱ्यावर पडतो त्या जागा इथे फवारे, चाळणीवर मात्र पत्र्याचं बंद आच्छादन, शोषण पंखा आणि पिशवी-गाळणी. फवाऱ्याच्या लाईनवर स्वतंत्र पाणी मीटर आणि त्याची रोजची नोंद. मीटर असला की तपासणीच्या दिवसापुरता खेळ चालत नाही: अधिकारी महिन्याने आले तरी आकडा बोलतो.

मंडळाने वायू कायद्याच्या कलम ३१अ खाली बंदचा आदेश काढला की महावितरण वीज तोडतं. मग रात्री जनरेटर सुरू होतो. आदेशात ‘डिझेल जनरेटरसह’ हे शब्द आहेत का ते पहिल्याच दिवशी तपासा. सील करताना वीजमीटरचं आणि जनरेटरच्या तास-मीटरचं वाचन पंचनाम्यात घ्यायला लावा. नंतर वाचन पुढे गेलेलं दिसलं तर तो भंगाचा पुरावा, वेगळा साक्षीदार लागत नाही.

गौणखनिज_वाचक

परिमाणाचा मुद्दा सोडू नका. तिथे महसूल खात्याला पर्याय राहत नाही.

खदान समजा १०० मीटर लांब, ६० रुंद, सरासरी ८ खोल: ४८,००० घनमीटर. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर. म्हणजे सुमारे १६,९६० ब्रास. ब्रासला ६०० रुपयांप्रमाणे स्वामित्वधन एक कोटीच्या वर जातं. भरलेलं परिमाण याच्या निम्मं निघालं तर जमीन महसूल संहितेच्या कलम ४८(७) खाली बाजारमूल्याच्या पाचपटीपर्यंत दंड आहे. लक्षात ठेवा, खड्ड्यातला घट्ट दगड फुटला की साधारण दीडपट फुगतो. मोजणी घट्ट मापात आहे की गाडीतल्या सुट्या मापात, हे लिहिलेलं नसेल तर दोन्ही बाजू आपापल्या सोयीचा आकडा काढत बसतात.

पडताळ्याला स्फोटकांची नोंद मागवा. काळ्या पाषाणात घनमीटरमागे साधारण ०.३ ते ०.५ किलो स्फोटक लागतं. ४८,००० घनमीटरला १४ ते २४ टन. नोंदवहीत ५ टन असतील तर एकतर दगड कमी निघालाय, नाहीतर स्फोटकं नोंदीबाहेरून येताहेत. दुसरी शक्यता असेल तर ती बाब पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटनेची. तिचं मुख्यालय नागपूरलाच आहे.

गाड्यांचं: महाखनिज ॲपवर वाहन क्रमांक टाकून पास चालू आहे का ते बघता येतं. एका पासावर तीन-तीन फेऱ्या होतात, म्हणून क्रमांकासोबत वेळ टिपा.

दंडाचे आदेश अपिलात पडतात ते बहुधा तीन कारणांनी: पट्टाधारकाला मोजणीची नोटीस दिलेली नसते, पंच मंडल अधिकाऱ्याच्या गाडीतून आलेले असतात, किंवा जुना खड्डा किती होता याची नोंदच नसते. पट्टा सुरू होतानाचा मोजणी नकाशा शोधून ठेवा.

कलम_दुरुस्ती

वरच्या माहितीत दोन भर. २१ नोव्हेंबर २०२५ पासून खाण कायदा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेत सामावला गेलाय. जुने विनियम नवे येईपर्यंत चालतात. अर्जात दोन्हींची नावं लिहा, नाहीतर कलम चुकलं म्हणून अर्ज परत येईल.

पर्यावरण संरक्षण कायद्यातली कैदेची तरतूद १ एप्रिल २०२४ पासून अटीभंगासाठी राहिलेली नाही. आता न्यायनिर्णय अधिकारी १० हजार ते १५ लाखांपर्यंत दंड लावतो. ‘फौजदारी गुन्हा दाखल करा’ अशी मागणी करून महिने घालवू नका.

मंजुरी जुन्या जिल्हास्तरीय समितीने, म्हणजे २०१६च्या अधिसूचनेनंतर दिलेली असेल तर राज्य प्राधिकरणाकडून तिचं फेरमूल्यांकन झालंय का ते विचारा. बऱ्याच ठिकाणी मूळ दुखणं तिथेच निघतं.

हरित न्यायाधिकरणाचं पश्चिम खंडपीठ पुण्याला आहे. भरपाई मागायची नसेल तर शुल्क १,००० रुपये. पण कलम १४ खाली मुदत सहा महिन्यांची, फार तर आणखी ६० दिवस. अर्ज-स्मरणपत्रांत ही मुदत निघून जाते. दिवस वादाचं कारण पहिल्यांदा उद्भवलं त्या तारखेपासून मोजतात, पहिली लेखी तक्रार तर त्याच्याही नंतरची असते.

शिवेवरचा

पहिला अर्ज चार महिन्यांपूर्वीचा आहे. म्हणजे वेळ फार नाही. माहिती अधिकाराचे चारही अर्ज सोमवारी टाकतो. पावसाळा तोंडावर आहे, खदानीत पाणी साठतं आणि पोरं पोहायला जातात. तेवढ्यापुरतं लगेच काही होईल का?

कलम_दुरुस्ती

होईल. बाकी सगळ्याशी न जोडता त्याचा वेगळा अर्ज प्रांताधिकाऱ्यांकडे द्या. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १५२: सार्वजनिक जागेलगतचा खड्डा कुंपण घालून सुरक्षित करण्याचा सशर्त आदेश काढता येतो. मोडलेल्या कुंपणाची लांबी मीटरमध्ये, रस्त्यापासूनचं अंतर, शाळेची वाट कुठून जाते ते एका हातनकाशावर दाखवा. ग्रामसभेचा ठराव जोडा. काटेरी तारेऐवजी दगडी बांध मागा. तार पहिल्या महिन्यात चोरीला जाते.

पायरीचा_दगड

आणि बांध काठाला चिकटून मागू नका. लाल पट्ट्याच्या बाजूला काठापासून निदान कड्याच्या उंचीइतकं मागे घ्या, नाहीतर कड्यासोबत बांधही खाली जाईल.